जाळीचं आसन

लीड्सच्या आमच्या मंडळात माझ्या कामाबद्दल सगळ्यांना एकच गोष्ट माहीत आहे, ती म्हणजे मी वस्तू मोडते. मंडळातल्या एक काकू भेटल्या की हमखास विचारतात, "काय गं, अजून मोडतेच आहेस का? जोडायचं काम कधी देणार तुला ते लोक?" आणि स्वतःच खळखळून हसतात. मीही हसते. दहा मिनिटं समजावून सांगण्यापेक्षा हसणं सोपं पडतं, आणि समजावून सांगायला लागणारा धीर माझ्याकडे फारसा नाही.

खरं तर काकूंचं फार चुकत नाही. नॉटिंगहॅमच्या एका विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत मी थ्रीडी प्रिंटरवर केलेल्या जाळ्या दाबून बघते. जाळी म्हणजे खिडकीची नव्हे. विटेएवढ्या ठोकळ्याच्या आत बारीक काड्यांचं उभं, आडवं, तिरकं विणकाम असतं आणि बाकी सगळी हवा. यंत्र नायलॉनच्या भुकटीचा पातळ थर पसरतं, लेझर हवी तेवढीच भुकटी वितळवून चिकटवतो, वर पुन्हा थर, पुन्हा लेझर, असा ठोकळा वाढत जातो. हातात घेतला तर वाटतं आत काहीच नाही. पण काड्या नीट मांडल्या असतील तर त्याच्यावर माणूस उभा राहू शकतो. किती वजन पेलेल हे कळायचं तर तो मोडावाच लागतो. म्हणून मी तो दोन सपाट पोलादी तबकड्यांच्या मध्ये ठेवते, वरची तबकडी सावकाश खाली येते आणि संगणकावर एक रेघ चढत जाते. मग एखादी काडी तुटते, रेघ गचका खाते, आणि काड्यांची एक रांग बसते. चांगली जाळी एकदम कोसळत नाही. एकेक थर बसत जातो आणि बसता बसता धक्का पोटात घेतो. वाईट जाळी तिरकी फाटते. दोन्हींचे आवाज वेगळे असतात, आणि मला ते पाठ आहेत.

बाबांना मात्र माझ्या कामाचा भलताच अभिमान. आम्ही पिंपरीहून इथे आलो तेव्हा मी पाचवीत होते. बाबा लीड्सच्या एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढायचे. निवृत्त होईपर्यंत तेच केलं. आई गेल्यापासून त्याच जुन्या घरात एकटे राहतात, स्वतः स्वयंपाक करतात, आणि मी फोन केला की आधी हवामान सांगतात. मंडळात कुणी नवीन कुटुंब आलं की बाबा त्यांना गाठून सांगतात, "माझी मुलगी हाडं छापते." मी हाडं छापत नाही. हाडांत बसवायच्या तुकड्यांवर काम करणारे लोक आमच्या शेजारच्या खोलीत बसतात. हे मी बाबांना कितीदा तरी सांगितलं. त्यांच्या तोंडून ते वाक्य ऐकलं की मला कुठे लपू असं होतं.

आमचं मंडळ म्हणजे लीड्स आणि आसपासची मराठी बौद्ध कुटुंबं. डॉक्टर, आयटीवाले, नर्सेस, आता त्यांची इथेच जन्मलेली मुलं. महिन्यातून एका रविवारी आम्ही एका कम्युनिटी सेंटरचा हॉल घेतो. जमिनीवर बॅडमिंटनच्या रंगीत रेघा आखलेल्या आहेत, त्यांच्यावर पांढऱ्या चादरी अंथरायच्या, पुढे बुटक्या टेबलावर बुद्धमूर्ती, फुलं, मेणबत्त्या. मूर्तीसमोर बसून एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी मागून म्हणायचं. ते पुढचं म्हणणं वर्षानुवर्षं बाबांचं होतं. त्यांचा आवाज काही गोड नाही, पण शब्द असे स्वच्छ की मराठी धड न येणारी पोरंसुद्धा त्यांच्यामागे पाली बरोबर म्हणायची.

मग त्यांचा उजवा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, सांधा नवा बसला, चालणं सुधारलं, पण तो पाय पुरता दुमडेना. मांडी घालणं संपलं. पहिल्या रविवारी कुणीतरी त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणून पुढे ठेवली. बाबांनी खुर्चीकडे बघितलं, मूर्तीकडे बघितलं आणि म्हणाले, "नको. मूर्तीपेक्षा वर बसून मी वंदना घेणार नाही." टेबल बुटकं, खुर्ची उंच. टेबल उंच करू, असं काकू म्हणाल्या. पण मग फुलं वाहायला लहान मुलांचे हात वर पोचले नसते. बाबांनीच निकाल लावला. आपली खुर्ची उचलायला लावली आणि पार मागे, भिंतीवरच्या गरम रेडिएटरला लागून, बाळांच्या बग्या ठेवतात तिथे जाऊन बसले. पुढे म्हणायला एक तरुण डॉक्टर बसू लागला. चांगला मुलगा आहे, पण घाई करतो. मी येईन त्या रविवारी मागे वळून बघायची, तर बाबा ओठांतल्या ओठांत त्याच्या एक शब्द पुढे असायचे.

एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. हवामान सांगून झालं आणि मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्या त्या मशिनमध्ये एखादं आसन होईल का गं? बसायचं. वीतभर उंच." माझ्या बाबांनी माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. वाढदिवसाला काय हवं विचारलं तर मोजे म्हणतात. म्हणून मी सरळ होऊन ऐकू लागले. उशीवर ते खचतात आणि मग उठता येत नाही. लाकडी पाट टोचतो, शिवाय जड, बसमधून न्यायचा कसा? वैशाख पौर्णिमेला पुढे बसायचं त्यांच्या मनात होतं. "एकदाच," ते म्हणाले. "मागे बसून म्हटलं तरी पोचतं, तसं काही नाही. पण एकदा पुढे, खाली, सगळ्यांसारखं बसून म्हणायचंय."

फोन ठेवल्यावर मी किती खूष झाले ते आता लिहायचीसुद्धा लाज वाटते. बाबांच्या गुडघ्याचं मला वाईट वाटत होतंच, नाही असं नाही. पण त्याहून जास्त मला दिसत होता तो हॉल, आणि हॉलमधल्या सगळ्या काकांच्या आणि काकूंच्या नजरा. मोडणारी मुलगी एकदाची काहीतरी करून आणणार होती.

प्रयोगशाळेत विचारून घेतलं. यंत्राच्या एका फेरीत कोपरा रिकामा होता, तो मला मिळाला. आसनाची मांडणी मी मन लावून केली. वरच्या थरांत काड्या बारीक, म्हणजे बसताना किंचित दबतील आणि टोचणार नाहीत. खाली जाऊ तशा जाड. वजन इतकं कमी की बाबांनी एका बोटावर उचलावं. आणि मग मी त्याला देखणं करायला गेले. नुसता चौकोनी ठोकळा मला बघवेना. संगणकावर मी त्याची कड गोल कापली, जराशी पाकळ्यांसारखी वळणं दिली. जाळी अशी कापली की कडेच्या काड्या मधेच तुटतात. त्यांचं एक टोक विणकामात असतं आणि दुसरं हवेत. अशा काड्या वजन घेत नाहीत. त्या नुसत्या दिसायला असतात. त्यांची टोकं बांधायला भोवती एक भरीव पट्टी घालतात. मी ती घातली नाही. पट्टी घातली की आतली जाळी दिसेनाशी होते, आणि मला ती दिसायला हवी होती.

कापलेली कड कच्ची असते, हे मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना बजावून सांगते. विसरणाऱ्यांवर डाफरते.

आसनं दोन केली, एक द्यायला, एक मोडायला. मोडायचं आसन तबकड्यांच्या मध्ये ठेवलं तेव्हा दोन-तीन विद्यार्थी बघायला जमले. रेघ सरळ चढत गेली, बाबांच्या वजनाच्या कितीतरी पुढे गेल्यावर मग तिने गचका खाल्ला, आणि थर एकामागून एक असे शहाण्यासारखे बसत गेले की एका मुलाने टाळी वाजवली. मी संगणकाच्या पडद्याचा फोटो काढून बाबांना पाठवला. त्यांनी उलट तीन अंगठे पाठवले.

पुढच्या शनिवारी मी आसन घेऊन लीड्सला गेले. बाबांनी ते हातात फिरवून फिरवून बघितलं, जाळीतून पलीकडची खिडकी बघितली, फुंकर मारली. आत अडकलेली थोडी पांढरी भुकटी उडाली, तर म्हणाले, "पावडर लावून पाठवलंय." मी म्हटलं, "बसून दाखवा." ते म्हणाले, "बसतात तसा बसेन. त्यात दाखवायचं काय?" मी हट्टच धरला तेव्हा त्यांनी आसन सोफ्यावर ठेवलं आणि त्याच्यावर बसले. पाठ ताठ, हात मांडीवर, पासपोर्टच्या फोटोला बसावं तसे. "सरळ बसतो मी," ते म्हणाले. "सरळ वर, सरळ खाली." मला तेवढंच हवं होतं. माझं यंत्रसुद्धा सरळ वरून सरळ खालीच दाबतं.

पौर्णिमा आठवड्याच्या मधे आली की आम्ही ती पुढच्या रविवारी करतो, कारण हॉल तेव्हा मिळतो. त्या सकाळी मी नॉटिंगहॅमहून निघून बाबांना घ्यायला गेले तर ते पांढरा सदरा घालून, आसन पिशवीत घालून दाराशी उभे. वेळेच्या बऱ्याच आधी जायचं म्हणाले. मी करवादले, "हॉल तरी उघडा असेल का? चादरी आपणच घालायच्या का?" "घालू," ते म्हणाले. मला वाटलं उत्साह आहे. हॉलशी पोचल्यावर त्यांनी मला गाडी लावायला पाठवलं. मी परत आले तोवर ते पुढे, मूर्तीसमोर, आसनावर बसलेलेसुद्धा होते. पाय पुढे जरा लांबवून, पण खाली, जमिनीवर. अजून कुणी आलेलं नव्हतं. ते बसले कसे हे मी बघितलं नाही, आणि मला ते विचारावंसंही वाटलं नाही.

हळूहळू लोक आले. चपला-बुटांचा ढीग झाला, किचनच्या खिडकीतून खिरीचा वास येऊ लागला. बाबा पुढे बसलेत बघून माणसं थांबत होती, वाकून नमस्कार करत होती. काकूंनी आसनाला बोट लावून बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे तू केलंस? हे पोकळ?" मी म्हटलं, "पोकळ नाही काकू, जाळी आहे. तुम्ही आणि काका दोघं बसलात तरी काही होणार नाही." ते मी जरा मोठ्यानेच बोलले. आजूबाजूच्यांना ऐकू जावं म्हणूनच.

सगळे बसल्यावर तो तरुण डॉक्टर उठला आणि माइकवर म्हणाला, "आज सर पुढे आहेत, so I think मेणबत्ती त्यांच्या हस्ते लावूया. It's only right." एरवी मेणबत्ती कुणीतरी लहान मूल लावतं. बाबांनी मान हलवली, नको नको म्हणाले. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या, डॉक्टरने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना हळूच उभं केलं, आणि बाबांच्या चेहऱ्यावर मला काहीतरी दिसलं. मला वाटलं, भारावलेत.

मेणबत्ती लागली. डॉक्टर माइक चादरीवर ठेवून आपल्या जागेवर जाऊन बसला. बाबा आसनापाशी आले आणि उभेच राहिले. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी डावा हात टेबलाच्या कडेला टेकवला, उजवा पाय ताठ पुढे सरकवला, क्षणभर अधांतरी राहिले आणि मग स्वतःला सोडून दिलं. ते सरळ खाली आले नाहीत. सगळं अंग डाव्या कुल्ल्यावर, आसनाच्या त्या कापलेल्या कडेवर आलं.

आवाज माइकने उचलला. आधी एक बारीक टिचकी, मग भरभर पुष्कळशा, आणि मग तिरकी फाटण्याचा तो एकच लांब आवाज. बाकीच्यांना कळायच्या आत मला कळलं होतं. बाबा कुशीवर पडले, आणि त्यांचं "आई गं" हॉलच्या चारही भिंतींवरून ऐकू आलं.

मी धावले. सगळेच धावले. त्या हॉलमध्ये डॉक्टरांना काय तोटा! कुणी मनगट बघितलं, कुणी गुडघा, कुणी पाणी आणलं. मनगट खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. लोक परत आपापल्या जागी जाऊ लागले, पण अवघडून, कारण आता काय करायचं ते कुणाला कळेना. तेव्हा बाबांनी माइक ओढून घेतला. ते अजून चादरीवर होते, पाय पसरून, सदऱ्याला नायलॉनच्या काड्या चिकटलेल्या.

"काही नाही, काही नाही," ते म्हणाले. "माझंच चुकलं. पोरीनं नीट सांगितलं होतं कसं बसायचं. मीच ऐकलं नाही. आसन चांगलं आहे."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या आणि त्या नजरांत राग नव्हता, कीव होती, आणि ती मला सहन झाली नाही. मला म्हणायचं होतं की चूक माझी आहे. माझ्या चुकीचं ओझं माझ्या म्हाताऱ्या बापाने उचलू नये, एवढंच मला म्हणायचं होतं. पण मी चिडले की शब्द निवडत बसत नाही. मी म्हणाले, आणि चांगलं खणखणीत म्हणाले, "हे खोटं आहे. मी काहीही सांगितलं नव्हतं. बाबा खोटं बोलतायत."

बग्यांपाशी एक बाळ तेवढं कुरकुरत होतं.

त्यानंतर पंचशील होतं. पंचशिलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. माइक नीट धरला आणि सुरुवात केली. पहिलं, दुसरं, तिसरं. प्रत्येकाच्या मागून हॉल म्हणत होता. चौथ्याला बाबा थांबले. खोकला आल्यासारखं केलं, पण खोकला आला नव्हता. मग त्यांनी ते म्हटलं, माइक थोडा खाली धरून, असं की मागच्यांना ऐकूही गेलं नसेल. आणि हॉलने ते मागून एरवीपेक्षा मोठ्याने म्हटलं, त्यांना सावरून घ्यावं तसं. मी चादरीवरच्या तुटक्या काड्या बोटांनी गोळा करत बसले होते आणि मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

खीर वाटायला मी किचनमध्ये गेले, म्हणजे पळालेच. काकू पातेल्यापाशी होत्या. त्यांनी मला पेले लावायला दिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बोललीस कशाला गं?"

"खोटं होतं ना ते, काकू."

"मग? आम्हाला काय कळत नव्हतं?" त्यांनी डाव पातेल्यावर झटकला. "तो तुझ्यासाठी बोलला. आम्ही तुझ्यासाठी ऐकून घेतलं. झालं होतं तिथेच. आता तो पुढच्या महिन्यात इथे तोंड कसं दाखवणार?"

मी पेले लावत राहिले. काकूंनी आवाज जरा खाली आणला. "आणि पडला कशामुळे शेवटी? तुझ्यामुळे का त्याच्यामुळे?"

"माझ्यामुळे," मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "बरं," आणि माझ्या हातात ट्रे दिला.

ट्रे घेऊन मी बाहेर गेले तर बाबा मागे, रेडिएटरजवळच्या खुर्चीवर बसलेले होते. कुणी बसवलं की आपण होऊन गेले, ते मी विचारलं नाही. खीर मात्र त्यांनी सगळी संपवली.

परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी तुटकं आसन मांडीवर घेतलं होतं आणि एकेक काडी चाचपत होते. मग म्हणाले, "सगळं एकाच बाजूचं गेलंय."

"हो."

"दुसरी साइड as good as new."

"हो, बाबा."

"म्हणजे मी त्या बाजूला बसलो म्हणून."

"म्हणजे मी ती बाजू कापली म्हणून!" राउंडअबाउटच्या गोल चौकात मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या गाडीतली बाई वळून बघायला लागली. मग मी त्यांना सगळं सांगितलं. कडेच्या काड्यांचं, न घातलेल्या पट्टीचं, आमच्या सपाट तबकड्यांचं, ज्यांच्यामध्ये वजन कधीच कलत नाही. "कुणी तिरकं बसलं तर काय होईल हे मी तपासलंच नाही," मी म्हणाले.

"का नाही तपासलंस?" त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कारण तुम्ही म्हणालात ना, सरळ बसतो!"

ते शब्द माझ्या तोंडून गेले आणि मला माझीच शिसारी आली. सगळ्या हॉलसमोर चूक माझी, माझी म्हणून मिरवले, आणि दोघंच असताना ती पुन्हा त्यांच्या पदरात टाकली. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

घरात शिरल्यावर ते एरवी आधी चहाचं आधण ठेवतात. त्या दिवशी ठेवलं नाही. पुढच्या खोलीत गेले आणि पडदे ओढून घेतले. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर मुलं सायकली फिरवत होती. त्यांनी आधी एक पडदा ओढला, मग दुसरा, आणि मधली फट हाताने मिटवली. मला वाटलं त्यांना झोपायचंय.

"मी निघू का, बाबा?"

"बस," ते म्हणाले आणि स्वतःच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. त्या खुर्चीत मी कधी बसत नाही. बसले. "तू विचारलं होतंस, बसून दाखवा म्हणून. मी दाखवलं नाही."

"राहू द्या ना आता."

"राहू द्या काय?" त्यांचा आवाज चढला, आणि बाबांचा आवाज कधी चढत नाही. "एवढ्या लोकांसमोर खरं बोलायची हौस होती ना तुला? मग बघ खरं काय ते."

त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि सोफ्याकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. दोन्ही हात सोफ्यावर टेकवले. मग एक हात जमिनीवर, मग दुसरा. उजवा पाय मागे ताठच्या ताठ, तो घासत घासत बाजूला नेला. आता ते दोन हात आणि एका गुडघ्यावर होते, ओणवे, मान खाली लोंबलेली. सदरा पाठीवरून सरकून वर गेला आणि आतला बनियन दिसला, कमरेपाशी विरलेला. तसेच ते थांबले. श्वास मोठमोठ्याने येत होता. मला उठून धरावंसं वाटलं आणि मी अर्धी उठलेसुद्धा, पण त्यांनी मान न वळवता नुसता एक पंजा उचलून मला थांबवलं, आणि पुन्हा तो जमिनीवर टेकवला.

मी पडद्यांकडे नजर वळवली. आपल्या बापाला असं बघू नये, असं मला वाटत होतं. आणि तेव्हा मला कळलं की हॉलमध्ये कुणी यायच्या आधी जायचं का होतं, आणि त्या मेणबत्तीच्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं.

"तिकडे काय बघतेस?" ते म्हणाले. "इकडे बघ."

मी बघितलं. त्यांनी डावा खांदा खाली घातला, अंग कलतं केलं आणि स्वतःला सोडून दिलं. धप्प करून डावा कुल्ला जमिनीवर आदळला, इतक्या जोरात की कपाटातल्या काचा वाजल्या. मग हातांनी उजवा पाय उचलून पुढे आणून ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. पाठ ताठ केली. सदरा खाली ओढला. केस विस्कटले होते ते हाताने बसवले.

पडद्यांमुळे खोलीत अंधारच होता. त्यांचा श्वास जाग्यावर यायला वेळ लागला, तोवर मी त्यांच्या खुर्चीत बसून होते आणि ते खाली. मग त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. आता ते चिडलेले नव्हते.

"कळलं का नीट?" त्यांनी विचारलं. "का परत दाखवू?"